शेजारच्या सीटचं वजन

३ मार्च

दादा,

आधी चष्मा शोध आणि मग वाच. मागचं पत्र तू अर्धं अंदाजाने वाचलं होतंस, हे तुझ्या उत्तरावरून कळलं. फोन केला असता, पण हातोडीच्या आवाजाने तुझे कान गेल्यापासून मी इथून ओरडते, तू तिकडून "काय? काय?" करतोस, आणि शेजाऱ्यांना मात्र माझा सगळा संसार पाठ झालाय. त्यापेक्षा कागद बरा.

काम गाडीचं आहे. ह्यांच्या गाडीचं. घराला रंग नाही आणि दाराशी दोन सीटची, उघड्या टपाची श्रीमंती गाडी, तीही कोणीतरी वापरून सोडलेली, म्हणून तू ह्यांची किती टिंगल केलीस! हे गेल्यापासून मीच ती चालवते. तुझी बहीण लोकांच्या पँटी आखूड करायला दुकानात जाते ती अशा थाटात. तर गेले काही दिवस डॅशबोर्डवर एक दिवा लागतोय, आणि खड्डा आला की खालून ठक्क असा आवाज येतो. इथल्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि वाईट बातमी सांगणारे डॉक्टर पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, शॉक-अब्सॉर्बर गेलेत. इलेक्ट्रॉनिक आहेत, आता बनत नाहीत, आणि कुठे मिळालेच तर किंमत ऐकायला खुर्चीत बसावं लागेल. साधे बसवून घ्या.

साधे बसवता येतात का? गाडी बिघडणार नाही ना?

आणखी एक गोष्ट, आणि हसू नकोस. सकाळी मी चहा घेऊन खिडकीत उभी असते. तेव्हा गाडी खालून घरघरते, आणि तिची शेजारच्या सीटची बाजू हळूच वर येते. किल्ली माझ्याकडे असते, आत कोणी नसतं. जड माणूस बसल्यावर खाली गेलेली गाडी स्वतःला सावरते ना, अगदी तशी. रोज सकाळी. गॅरेजवाल्याला हे सांगितलं नाही. तुला सांगतेय.

तुझी ठमी


९ मार्च

ठमे,

चष्मा सापडला. फ्रिजवर होता. का होता ते विचारू नकोस.

तुझ्या गाडीचे शॉक म्हणजे नुसते शॉक नव्हेत. त्यात हवेची पिशवी असते, चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो आणि एक छोटा पंप असतो. माझ्यासारखा कोणी धबकन बसला की ती बाजू दबते, सेन्सर बोंब मारतो, पंप हवा भरतो आणि गाडी पुन्हा सपाट. श्रीमंतांच्या गाडीला कोणाचं वजन जाणवू द्यायचंच नसतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. तुझ्या गाडीतला सेन्सर गंजलाय आणि रिकाम्या सीटवर माणूस आहे म्हणून थापा मारतोय, एवढंच. भूतबीत काही नाही. भुताला वजन असतं तर त्यांनी शॉकची दुकानं काढली असती.

साधे बसवता येतात. लोखंडी स्प्रिंग, आत तेलाचा शॉक, झालं काम. तो दिवा विझवायला वायरीत एक डबी जोडायची. मग कॉम्प्युटरला वाटत राहतं की सगळं पूर्वीसारखंच आहे.

पण गाडी माझ्याकडे पाठव, ट्रकवर घालून. बाकीचे लोक गाडी लिफ्टवर टांगतात आणि चाकं लोंबकळत असतानाच सगळे बोल्ट आवळून मोकळे होतात. गाडी खाली उतरली की सांध्यातली रबरं पिळवटतात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. मी शेवटचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून आवळतो, आणि जो माणूस बसणार त्याच्याइतकं वाळूचं पोतं सीटवर ठेवून आवळतो. तेव्हा तुझं वजन कळव. खरं कळव, हे लग्नाचं स्थळ नाही. आणि शेजारी कोण बसतं, तेही कळव.

मी ठीक आहे. डॉक्टर वजन उतरवा म्हणतो. तुझी वहिनी म्हणते, त्यालाच एकदा जेवायला बोलावते, मग बघू काय म्हणतो.

दादा


१५ मार्च

दादा,

चौपन्न किलो, खांद्यावर पर्स आणि पर्समध्ये मोठी कात्री धरून. दुकानासमोरच्या काट्यावर केलं. आता खूष?

शेजारी कोणी बसत नाही. कोण बसणार?

उद्या गाडी ट्रकवर चढवतेय. दोन गोष्टी सांभाळ. शेजारची सीट मागे कलती केलेली आहे, ती तशीच राहू दे. शेवटी शेवटी ह्यांना सरळ बसवत नव्हतं. तरी रोज दुपारी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचंच. मी चालवायची आणि हे त्या कलत्या सीटवर डोळे मिटून पडायचे. गतिरोधक आला की न बघताच म्हणायचे, "हळू गं, मी काचेचा झालोय." गाडी मऊ चालावी म्हणून एक बटण आहे, ते मी दाबून ठेवायची. साध्या शॉकला तसं बटण नसणार. म्हणून दुसरी गोष्ट ही, की फार कडक करू नकोस. गचका बसला की दुखतं.

तुझी ठमी


२ एप्रिल

ठमे,

काम झालं. गाडी ट्रकवर चढली, पत्राच्या आधी पोचेल. सीटला हात लावला नाही. स्प्रिंग त्यातल्या त्यात मऊ निवडल्या. "दुखतं" म्हणजे कंबर का तुझी? ते लिहिलं नाहीस. वाकून शिवत बसू नकोस.

चालकाच्या सीटवर चौपन्न किलोचं पोतं ठेवलं (कात्रीचं वजन वजा केलं नाही, तेवढं वाढेलच तुझं), शेजारची सीट रिकामी ठेवली, आणि बोल्ट आवळले. गाडी टेबलासारखी सपाट उभी राहिली. कान गेल्यापासून मी मडगार्डवर तळवा ठेवून गाडी ऐकतो, हे तुला माहीत आहे. जाताना तसा ठेवला होता. ठीक आहे सगळं.

एकच गोष्ट डोक्यात बसली नाही. जुने शॉक काढले तर शेजारच्या बाजूचाच सगळ्यात जास्त झिजलेला. गाडी एकट्याने चालवली तर चालकाच्या बाजूचा आधी जातो. आणि तो सेन्सर मी टेबलावर घेऊन तपासला. ठणठणीत निघाला. मग म्हटलं, आधीच्या मालकाची बायको चांगली भरभक्कम असेल. सोडून दिलं.

दादा


११ एप्रिल

दादा,

गाडी आली. दिवा गेला, ठक्कही गेलं. पहिल्या दिवशी खरंच टेबलासारखी उभी होती. मी तुला मनातल्या मनात शाबासकीही दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आले, उतरले, दार लावलं आणि मागे वळून पाहिलं. गाडी शेजारच्या बाजूला बसली होती. वाटलं, जमीन उतरती असेल. म्हणून दुसरीकडे उभी केली. तिथेही तशीच. मग शिलाईची टेप आणली आणि चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा मोजली. चालकाच्या बाजूपेक्षा शेजारच्या बाजूला दोन बोटं कमी.

मला भीती वाटली नाही, दादा. मी तिथेच पायरीवर बसले आणि खूप रडले, पण भीतीने नाही. तूच लिहिलंस ना, की त्या गाडीला कोणाचं वजन जाणवू द्यायचं नसतं? इतके दिवस तो पंप बिचारा रोज सकाळी ते वजन उचलून धरत होता आणि मला पत्ता लागू देत नव्हता. तू तो काढलास आणि आता गाडी खरं बोलतेय. सेन्सर थापा मारत नव्हता.

मी काही "या, बसा" वगैरे म्हणाले नाही. तेवढी वेडी नाही झाले. फक्त पर्स त्या सीटवर टाकायची सवय होती, ती आता माझ्या पायाशी ठेवते.

दुपारी दुकान बंद करून टाकीपर्यंत जाऊन येते.

तुझी ठमी


१७ एप्रिल

ठमे,

नव्या स्प्रिंग सुरुवातीला थोड्या बसतात. कधी कधी एक जास्त बसते. लोखंडाला कळत नाही कोण कुठल्या बाजूला आहे. सपाट जागी उभी करून चारही चाकांची मापं घे आणि दर आठवड्याला लिहून ठेव. महिन्याभराने पाठव.

आणि वहिनी म्हणते, चार दिवस इकडे ये. मीही म्हणतो. बसने ये.

दादा


२० मे

दादा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मापं वेगळ्या कागदावर लिहिलीत, सोबत आहेत.

तू म्हणालास तशी एक स्प्रिंग बसतेय खरी, पण थांबतच नाहीये. दर आठवड्याला शेजारची बाजू थोडी आणखी खाली. मला काय वाटतं सांगू? हे शेवटी किती वाळले होते, तू पाहिलं होतंस. उचलून गाडीत ठेवताना मला धाप लागत नव्हती, आणि त्याचंच रडू यायचं. आता त्यांचं वजन वाढतंय. बरे होताहेत, दादा. गतिरोधकावर मी आता तितकं हळू करत नाही, आणि काही त्रास झाला असं वाटत नाही.

परवा गंमत झाली. सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही तर घंटी वाजते ना? ती शेजारच्या सीटसाठी वाजायला लागली. टाकीच्या चढावर वाजली आणि थांबेचना. मी गाडी कडेला घेतली, हात लांब करून पट्टा ओढला आणि लावून दिला. घंटी थांबली. पण पट्टा सीटच्या पाठीला टेकला नाही. मध्ये जागा राहिली, चांगली हातभर.

चालकाच्या बाजूची स्प्रिंग मात्र तू लांब घातलीस की काय? ती बाजू तू केली होतीस त्यापेक्षा वर आलीय. तक्रार म्हणून सांगत नाही.

मी छान आहे. भूक तेवढी राहिली नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं, आणि टाकीवरून आल्यावर तर पाणीही नको वाटतं. कपडेही सारखे कमरेत आत घ्यावे लागतात. हल्ली कापडच वाईट येतं, एकदा धुतलं की सैल पडतं. गिऱ्हाइकांचं सोडून माझंच शिवत बसलेय.

तुझी ठमी


२६ मे

ठमे,

चष्मा लावून, दोनदा वाचून लिहितोय.

स्प्रिंग लांब होत नसते. वरचं वजन कमी झालं की ती वर येते, दुसरं काही नाही. त्या सीटवर मी तुझ्या वजनाचं पोतं ठेवून बोल्ट आवळले होते. ती बाजू वर आली, म्हणजे त्या सीटवर बसणारी आता चौपन्न किलोची राहिली नाही. आणि कापड धुऊन आटतं, सैल पडत नाही. हे मला तूच शिकवलंस, माझा एकुलता एक चांगला शर्ट आटवून. तुझ्या धंद्यातली गोष्ट तुला दिसत नाहीये, म्हणून मी माझ्या धंद्यातली सांगतोय.

तुझा मापांचा कागद घेऊन बसलो होतो. चालकाच्या बाजूने दर आठवड्याला जेवढं सोडलंय, तेवढंच शेजारच्या बाजूने घेतलंय. तेवढंच, ठमे. कमी नाही आणि जास्तही नाही.

मेहुण्यांना हे कळत असेल असं मला वाटत नाही. कळलं असतं तर तो माणूस गाडी थांबवून स्वतः उतरला असता आणि घरी चालत गेला असता. पण कळत नाही, आणि तू तर आनंदाने देत सुटली आहेस.

मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. गाडी ट्रकवर चढवली त्या सकाळी मी मडगार्डवर तळवा ठेवला. इंजिन बंद होतं. तळव्याला श्वास लागला. छोटे छोटे दम, आणि मग एक लांब. मेहुणे आजारात तसेच घ्यायचे. मी हात काढला आणि ड्रायव्हरला म्हटलं, ने.

आता गाडीत बसू नकोस. किल्ली शेजाऱ्यांकडे दे. टाकीवर जाऊ नकोस. गॅरेज बंद करून मी व्हॅन घेऊन येतोय. मला बहीण एकच आहे.

दादा


१४ जून

दादा,

तुझ्यावर रागावून चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं.

तू आलास, दारात उभा राहिलास, मला पाहिलंस आणि तुझा चेहरा असा झाला की मी पहिल्यांदा आरशात नीट पाहिलं. त्याबद्दल रागावले नाही. दोन दिवस तू मला लहान मुलीसारखं समोर बसवून भरवलंस, माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं तरी, त्याबद्दलही नाही. गाडीला तू हात लावणार, काहीतरी सोडणार, तोडणार, या भीतीने मी खिडकीतून लक्ष ठेवून होते. तू पाना हातातही घेतला नाहीस.

निघायच्या सकाळी मी तुझ्यासाठी डबा भरत होते. तू गाडीपाशी जाऊन वाकलास, काहीतरी पुटपुटलास. मग तुझ्या व्हॅनचं दुसरं दार उघडलंस आणि ते धरून उगाच उभा राहिलास. बराच वेळ. मला वाटलं, गुडघे धरले असतील. मग तू ते दार लावलंस. दादा, तू लहानपणापासून दारं आपटत आलास, आई ओरडून ओरडून थकली, आणि कान गेल्यापासून तर विचारूच नको. त्या दिवशी तू ते दार इतकं हळू लावलंस की मला आवाजच आला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तू गेल्यावर बाहेर आले. गाडी सपाट उभी होती. टेप आणून मोजली. मग आत जाऊन बसले, टाकीपर्यंत गेले, परत आले. घंटी वाजली नाही. पट्टा सीटला चिकटून होता. मी रस्त्यावर गाडी थांबवून एवढी रडले की एक बाई विचारायला आली. आणि घरी आल्यावर मला भूक लागली. सपाटून. उभ्या उभ्या खाल्लं, आणि खाता खाता स्वतःचाच राग आला.

आता पुन्हा कपडे उसवतेय, यावेळी सैल करायला. घर फार रिकामं वाटतं. तू काय म्हणालास त्यांना? हाकललंस का? तसं असेल तर मी तुला कधीच माफ करणार नाही. खरं लिही.

ठमी


५ ऑगस्ट

ठमे,

उशीर झाला. तू आधी नीट खायला लागावंस असं वाटत होतं. वहिनी म्हणते, तुझा आवाज फोनवर आता पूर्वीसारखा खणखणीत येतो. म्हणून लिहितोय.

हाकललं नाही. आपल्या माणसाला कोणी हाकलतं का? मी म्हटलं, मेहुणे, त्या पोरीकडे आता द्यायला काही उरलं नाही. माझ्याकडे बघा. आयुष्यभर साठवलंय, आणि डॉक्टर रोज ओरडतो. चला. एवढंच म्हटलं आणि दार उघडून धरलं. त्यांनी वेळ घेतला. तुला सोडून निघायला त्यांनी बराच वेळ घेतला, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. मग व्हॅन थोडी दबली. दार हळू लावलं, कारण गचका बसला की त्यांना दुखतं.

आमचं बरं चाललंय. ते काही बोलत असतील तर मला ऐकू येत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. इथे टाकी नाही, पण दुपारी कामं आटोपली की कालव्याच्या रस्त्याने एक फेरी मारून आणतो. गतिरोधकाला हळू घेतो. थांबलो की तळवा दारावर ठेवतो. तो दम आता लागत नाही, श्वास एका लयीत असतो. व्हॅनच्या लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंग जुन्या आणि दणकट आहेत, दोघांना पुरून उरतील. तू भेटायला ये. फिरायला नेईन. पण मागच्या सीटवर बसायचं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

डॉक्टर माझ्यावर भलता खूष आहे. म्हणाला, असंच चालू ठेवा, काय करता ते इतर पेशंटनाही सांगा. वहिनीला अजून काही कळलेलं नाही. पँट कमरेत सैल होतेय, तेव्हा येताना टेप घेऊन ये.

व्हॅनची खालची रबरं जुनी झाली होती, काल ती बदलली. शेवटचे बोल्ट नेहमीप्रमाणे व्हॅन जमिनीवर उभी करून आवळले. माझ्या सीटवर पोतं ठेवलं, पूर्वीपेक्षा जरा हलकं. शेजारच्या सीटवर ठेवावं लागलं नाही.

दादा